दोनदा पाण्यात गेलेला नमुना

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. पोलादाचा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा. माझ्याभोवती काळ्या बेकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकची, गोल वडी आहे, त्यामुळे मला प्रथम पाहणारा माणूस कॅरमची सोंगटी समजून बोटाने टिचकी मारून बघतो. माझी एक बाजू कधीकाळी आरशासारखी लखलखीत होती. पाठीवर सुईने कोरलेला एकचा आकडा आहे. नगरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या धातुशास्त्राच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात माझा मुक्काम असतो.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी माझी स्तुती केली की याला माझ्याकडून काय हवे असेल, असे माझ्या मनात पहिल्यांदा येते. हा दोष जन्मजात नाही. मला ज्यांनी ज्यांनी हाताळले ते सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहणारे होते. संगतीचा परिणाम, दुसरे काय!

पूर्वी मी एका ट्रकचा पाटा होतो. पाटा म्हणजे चाकावर बसवलेली ती वाकडी पोलादी पट्टी, जिच्यामुळे खड्ड्यातही गाडीची हाडे शाबूत राहतात. साखरेची पोती वाहून वाहून राहुरीच्या अलीकडे एका दुपारी मी मोडलो. ड्रायव्हरने मला शिव्या दिल्या. इतकी वर्षे भार वाहिला त्याबद्दल एक अक्षर नाही, पण मोडलो त्याबद्दल सात पिढ्यांचा उद्धार झाला. तिथून भंगारात आणि भंगारातून देवळाली प्रवऱ्याला, पीरमहंमद लोहाराच्या भट्टीपुढे येऊन पडलो.

पीरमहंमदचे कोयते त्या भागात नावाजलेले. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरत आणि कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभारायच्या आधी त्याच्या दारात रांग लावत. त्याने मला तापवले, ठोकले आणि माझा कोयता केला. घाव त्याचे होते, त्यात शंका नाही. असे नेमके घाव मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

पण मित्रांनो, कोयता घावाने होतो आणि त्याची धार टिकते ती पाण्याने. लाल झालेले पाते पाण्यात बुडवून कडक करायचे, याला लोहार लोक पाणी देणे म्हणतात. आणि मला पाणी दिले ते पीरमहंमदने नाही. त्याच्या बायकोने दिले. मेहताबने.

भट्टीच्या धगीकडे पाहून पाहून पीरमहंमदचे डोळे अधू झाले होते. माणूस ओळखू येई, पण रंगातला फरक कळत नसे. मग भाता ओढणारी मेहताब एके दिवशी उठली आणि तिने सांडशी हातात घेतली. दारावर गोणपाटाचे चवाळे ओढून तिने अंधार केला. फक्त माझी धार पाण्यात बुडवली आणि लगेच बाहेर काढली. विटेच्या तुकड्याने मला घासून उजळ केले आणि ती टक लावून बघत राहिली. पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागली आणि माझ्या अंगावर रंग चढू लागला, आधी फिका, मग पिकल्या गव्हासारखा. गव्हाचा रंग धारेला टेकला तशी तिने मला दुसऱ्यांदा पाण्यात घातले. एक क्षण अलीकडे झाले असते तर मी ठिसूळ झालो असतो, एक क्षण पलीकडे तर मऊ. तो क्षण फक्त तिला दिसत होता.

ही गोष्ट त्या नवराबायकोंनी कुणालाही सांगितली नव्हती. पीरमहंमदला वाटे, गावात कळले की लोहाराला रंग दिसत नाही, तर उद्यापासून भट्टी थंड. त्यातून पाणी बाईमाणूस देते म्हटल्यावर टोळीवाले काय म्हणतील ते वेगळेच. झाकली मूठ सव्वा लाखाची! कोणी गिऱ्हाईक आले की मेहताब भात्यापाशी जाऊन बसे आणि पाणी देण्याचे काम नेहमी गिऱ्हाईक गेल्यावर होई.

मला पाथर्डीकडच्या रंगुबाईने घेतले. तीन हंगाम मी तिच्या हातात ऊस तोडला. त्या तीन हंगामांत तिने मला फक्त दोनदा कानसीवर घासले. इतर बायकांचे कोयते आठवड्याला घासावे लागत. त्या माझ्याकडे बघून कुजबुजत आणि रंगुबाई मला रात्री उशाखाली घेऊन झोपे, कारण तिला सगळ्यांचाच संशय येई.

सत्तर सालच्या हंगामात कोप्यांपाशी एक पँटवाला माणूस आला. हे राधाकृष्ण गंधे, नगरच्या संस्थेत धातुशास्त्र शिकवणारे. राहायला केडगावला. सडपातळ, चष्मेवाले, खिशाला दोन पेनं. रजेवर पाहुण्यांकडे आले होते, तिथे त्यांना रंगुबाईच्या कोयत्याची कीर्ती कळली. त्यांनी मला हातात घेतले, अंगठ्याने धार पाहिली आणि अंगठा कापून घेतला. तिथेच ते माझ्या प्रेमात पडले.

"बाई, हा जुना कोयता मला द्या. मी तुम्हाला नवा घेऊन देतो."

रंगुबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "जुन्याच्या बदली नवा? कुटं तरी खोट हाय ह्यात. काय करनार तुमी ह्याचं?"

"कापून आत बघणार."

"कोयता कापनार? कोयत्यानं ऊस कापत्यात साहेब, कोयता न्हाई." पण शेवटी तिने दोन नव्यांवर मला सोडले. तरी जाताना पुटपुटलीच, "ह्यात सोनंबिनं सापडलं तर आमाला कळवा."

गंधे सर मला पिशवीत घालून सरळ पीरमहंमदच्या दारात गेले. त्यांना या धारेवर एक निबंध लिहायचा होता. लांबच्या मोठ्या शहरातून निघणाऱ्या धातुशास्त्राच्या एका नियतकालिकात तो छापून आला, तर संस्थेतली रिकामी झालेली वरची जागा त्यांना मिळण्यासारखी होती. त्या जागेच्या अर्जाला शेवटची तारीखही होती. म्हणून त्यांना घाई होती आणि घाई हीच सगळ्या भानगडीची आई.

"पीरमहंमदभाई, तुम्ही पाणी कसं देता ते मला दाखवाल का? मला लिहायचंय."

पीरमहंमदने हातोडा खाली ठेवला. पँट, चष्मा, घड्याळ, वही. त्याच्या मनात लगेच आले, हा कुठल्या तरी मोठ्या कारखान्याचा माणूस. पाणी शिकून जाणार आणि तिकडे यंत्रावर हजारांनी कोयते काढणार. दुसरी भीती तर पहिलीहून मोठी, पाणी खरे कोण देते ते याला कळेल. त्याने मान वळवून सांगितले, "मेहताब, आत जा. च्या टाक."

मेहताब उठून आत गेली. पीरमहंमदने एक पाते तापवले आणि भर उजेडात, पुरतेच्या पुरते, एकदम पाण्यात बुडवले. चर्र आवाज आला, वाफ उठली. पाते गार झाल्यावर त्याने बाहेर काढले.

"एवढंच?" गंधे सरांनी घड्याळात बघून वहीत वेळ मांडली.

"येवढंच. लोखंड आन् पानी. दुसरं काय आसतंय ह्यात?"

मी पिशवीत होतो आणि मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की हा माणूस तुम्हाला फसवतो आहे. एकच बुडी? मला दोन मिळाल्या आहेत! पण पोलादाला वाचा नसते. ते दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

सरांनी ते पातेही विकत घेतले आणि पुढे नगरला आमचे काप निघाले. प्रयोगशाळेत गहिनीनाथ नावाचे साहाय्यक होते, मूळचे नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातले, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांनी माझ्या धारेचा तुकडा पाण्याखाली चाकावर कापला, बेकेलाइटच्या भुकटीत घालून दाबला, मग एकाहून एक बारीक पॉलिश कागदांवर आणि शेवटी मखमलीवर तासन्‌तास घासला. पाठीवर आकडा कोरला, एक. पीरमहंमदने समोर करून दाखवलेल्या कोयत्याचा तुकडा झाला दोन. आमच्या तोंडावर पातळ ॲसिड लावून आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. माझी वीण घट्ट आणि शांत होती. दोन नंबरच्या आत मात्र सगळ्या सुया सुया. त्याचा उरलेला कोयता गहिनीनाथांनी उसावर मारून पाहिला, तर धारेचा टवका चिक्कीसारखा उडाला.

गंधे सर किती तरी वेळ डोळा लावून बसले होते. मग त्यांनी माझा फोटो काढला. दोन नंबरचा काढला नाही. निबंधात कृती लिहिली ती दोन नंबरची, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, आणि तिच्याखाली फोटो चिकटवला माझा.

गहिनीनाथ फोटो वाळत घालताना थांबले. "सर, फोटू एक नंबरचा हाय. टिपनं दोन नंबरची."

"माहीत आहे. त्या दिवशी त्यांचा हात चुकला असेल. कृती तीच."

"आसंल. पन आपन इचारलं का त्यास्नी?"

"तुम्ही पॉलिश करा," गंधे सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मान वर करून बघितलेही नाही. चोराच्या मनात चांदणे असते, तसे झाले होते.

तेव्हापासून त्यांनी मला खणात ठेवणे बंद केले. खिशात घेऊन हिंडू लागले. कोणी मला उलटे करून पाठीवरचा आकडा वाचला तर? त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर माझ्या आकाराचा गोल डाग पडला.

मित्रांनो, निबंध पाठवणे हे लग्नाच्या याद्यांइतके किचकट काम असते. टंकलेखन करून तीन प्रती. प्रत्येक प्रतीला मूळ फोटो, मागे पेन्सिलीने तो किती पट मोठा आहे तो आकडा. सोबत एक पत्र, की हा निबंध आम्ही दुसरीकडे कुठेही पाठवलेला नाही आणि यातले सर्व आमच्या माहितीप्रमाणे सत्य आहे. त्या शेवटच्या वाक्याखाली सही करताना सरांचे पेन अडखळले. छातीवरच होतो मी, मला कळले.

आणि गंमत अशी, की ज्याने स्वतः घोळ केला त्याला दुसऱ्यांच्या चोरीची धास्ती! छापण्याआधी निबंध ज्या परीक्षकाकडे तपासायला जातो, तो आपला निबंध वाचून स्वतःच्या नावावर छापेल, असे गंधे सरांच्या मनाने घेतले. म्हणून त्यांनी चौथी प्रत पाकिटात घालून, लाख लावून, रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली. पुढेमागे तंटा झाला तर पाकिटावरचा तारखेचा शिक्का साक्षीला हवा. केडगावचा पोस्टमन ते पाकीट घेऊन आला तेव्हा त्याने धाडणाऱ्याचे नाव वाचले, घेणाऱ्याचे नाव वाचले, मग सरांच्या तोंडाकडे पाहिले. "तुमीच धाडलं, तुमालाच आलं. मग मदी आमाला कशापायी चालवलं?" त्यानंतर तो सरांकडून सही घेताना नेहमी दोनदा बघायचा.

चार महिन्यांनी उत्तर आले. सरांनी दार लावून ते वाचले. परीक्षकाचे नाव त्यात नव्हते, तशी रीतच असते. लिहिले होते ते थोडक्यात असे: 'लेखकाने सांगितलेल्या कृतीने फोटोतली रचना मिळणे शक्य नाही. हे पोलाद एकदा नव्हे, दोनदा पाण्यात गेलेले आहे. एक तर लेखकाने कृती पुरती पाहिलेली नाही, किंवा फोटो दुसऱ्याच पोलादाचा आहे. खुलासा करावा आणि नमुने पाठवावेत. तोपर्यंत आम्हास या निबंधाबद्दल संशय आहे.'

गंधे सरांचा घाम माझ्या बेकेलाइटपर्यंत आला. मला मात्र, खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले. शेकडो मैलांवर बसलेल्या एका अनोळखी माणसाने नुसत्या फोटोवरून माझ्या दोन बुड्या मोजल्या होत्या! जगात संशयाने केलेले एवढे चांगले काम मी दुसरे पाहिलेले नाही.

सरांनी दोन दिवस बाता रचल्या. फोटो बदलला गेला, असे लिहावे. टंकलेखकाची चूक म्हणावी. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "सर, परीक्षकाला उत्तर हितं बसून न्हाई सापडायचं. ज्यानं पानी दिलं त्याच्या दारात जावा."

सर गेले. सरळ भट्टीपुढे जाऊन त्यांनी मला पीरमहंमदच्या हातावर ठेवले आणि पत्रातली ओळ वाचून दाखवली.

"दोनदा?" पीरमहंमद माझ्यावरून बोट फिरवत म्हणाला. "त्यो कागदवाला काय हितं बसला हुता का? मी केलं त्ये तुमी बगितलं. येकदा. झालं."

"भाई, तुम्ही केलेला तुटला. हा तीन हंगाम टिकला. माझी नोकरी, माझं नाव, सगळं यावर आहे. मी त्यांना खोटं लिहून पाठवलंय आणि ते त्यांना कळलंय."

भाता थांबला. मेहताब उठली, नवऱ्याच्या हातातून मला उचलून उजेडात धरले आणि सरांना म्हणाली, "त्या मानसाला न बगता कळालं. तुमाला बगून बी न्हाई."

"मेहताब!" पीरमहंमद ओरडला.

"वरडू नका. मास्तर आपल्यापाई खोट्यात पडल्यात. आपनच पाडलं." ती पुन्हा सरांकडे वळली. "हे मी केल्यालं हाय. यांस्नी रंग दिसत न्हाई. दोन पानी लागत्यात, आन् मदी थांबावं लागतं. बसा, दावते."

तिने चवाळे ओढून घेतले आणि एका नव्या कोयत्याला पाणी दिले. सरांनी सगळे टिपले, घासणे, थांबणे, गव्हाचा रंग, दुसरी बुडी. पीरमहंमद दाराशी पाठ करून उभा होता. सर निघताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, डोळ्यांचं लिवू नका. आन् हिचं नाव बी नगं. माझं गिऱ्हाईक तुटंल."

"डोळ्यांचं लिहीत नाही. नावही नाही लिहीत," सरांनी शब्द दिला.

त्या नव्या कोयत्याचा तुकडा झाला तीन नंबर. त्याची वीण आणि माझी वीण, जणू एका आईची लेकरे. गंधे सरांनी संपादकांना पत्र लिहिले. मी आयुष्यात ऐकलेले ते सर्वांत अवघड पत्र. पाचदा फाडले. शेवटी त्यात होते: 'फोटो नमुना एकचा आहे, लिहिलेली कृती नमुना दोनची होती. हे मला ठाऊक होते. चूक माझी आहे. खरी कृती सोबत जोडली आहे. पहिल्या बुडीनंतर रंग पाहून दुसरी बुडी कधी द्यायची, हे लोहाराची पत्नी ठरवते. तिन्ही नमुने पाठवीत आहे.' वरच्या जागेची तारीख तोवर उलटून गेली होती. ती जागा दुसऱ्याला मिळाली आणि सरांनी त्याचे पेढे खाऊन त्याला धन्यवादही दिले.

आम्ही तिघे कापसात गुंडाळून लाकडी डबीतून परीक्षकाकडे गेलो. त्या माणसाचे नाव मला आजही माहीत नाही. म्हातारा होता, बोटांना ॲसिडचे पिवळे डाग. त्याचा आमच्या पॉलिशवरही विश्वास नव्हता. त्याने आम्हाला पुन्हा घासले, पुन्हा ॲसिड लावले, आणि कडकपणा मोजायला हिऱ्याचे टोक माझ्या तोंडावर रोवले. त्याचा बारीक चौकोनी खड्डा अजून माझ्या गालावर आहे. मला पाहताना तो एकदाच हुंकारला. माझ्या मते ती शाबासकी होती, पण खात्री देत नाही.

आम्ही नगरला परत आलो आणि काही आठवड्यांनी छपाईचे प्रूफ आले. निबंध स्वीकारला होता! मात्र समासात संपादकांच्या कार्यालयाने शाईने एक प्रश्न लिहिला होता: 'लोहाराची पत्नी, हे बरोबर आहे काय? भट्टीवर हे काम स्त्रिया करीत असल्याचे ऐकिवात नाही. चूक असल्यास लोहार असे करावे. खात्री करून परतीच्या टपालाने कळवावे.'

बघा मित्रांनो, किती सोपे होते! एक शब्द खोडला की संपादक खूश, पीरमहंमदही खूश. सरांनी पेनाचे टोपण काढलेसुद्धा. माझ्या मनात आले, झाले, पुन्हा माझ्या पाण्यावर दुसऱ्याचे नाव बसणार. या माणसाचा मला कधी भरवसा नव्हताच. पण सरांनी टोपण परत लावले, प्रूफ पिशवीत घातले, मला खिशात घातले आणि देवळाली प्रवऱ्याची एसटी धरली. एकदा न विचारता लिहून त्यांचे हात पोळले होते.

भट्टीवर त्या दिवशी गिऱ्हाईक होते. आमची रंगुबाईच, नवा कोयता घेऊन दगडावर बसलेली. सरांनी आवाज खाली आणून पीरमहंमदला प्रश्न समजावला.

"मग लोहार लिवा की," पीरमहंमद पटकन म्हणाला. "त्ये बी तेच म्हनत्यात. मिटलं."

मेहताब भाता ओढत राहिली, पण खाली मान घालून. तिला वाईट वाटले होते. मी तिच्या हाताखालून गेलेला आहे, मला तिचे मन कळते.

"काय भानगड हाय?" रंगुबाईने मान पुढे केली. "मास्तर, तुमी त्येच न्हवं, कोयता कापनारे? सोनं घावलं का काय?"

सर गोंधळले. काय सांगावे, काय झाकावे त्यांना सुचेना. "कोयत्याला पाणी कोण देतं, असं विचारलंय बाई. छापायचंय."

"आता ह्यात काय इचारायचं!" रंगुबाई खदखदून हसली. "मेहताबभाभी देती की. समद्या टोळीला ठावं हाय."

भाता थांबला. पीरमहंमदच्या हातातली सांडशी तशीच राहिली. "कुनी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला लागतंय? पाच हंगाम झालं येतेय मी. भाभी म्हायेरी गेल्याली आसली की तुमी म्हनता उद्या ये, परवा ये. भाभी आली की कोयता तयार. आमी काय खुळं हाय? कोप्यांवरनं निघताना आमी आदी इचारतो, भाभी घरी हाय का. मगच येतो."

"मग माझ्या डोळ्यांचं बी..."

"त्ये बी ठावं हाय. गेल्या साली तांबड्या लुगड्याला तुमी हिरवं म्हनलात. कोन बोलनार तुमाला? तुमी लपवताय, तर आमी बी लपवलं. घाव तुमचा आन् पानी तिचं. आमाला कोयता चांगला मिळतोय, बास की."

पीरमहंमद मटकन ऐरणीशेजारी बसला. इतकी वर्षे त्याने ज्यांच्यापासून डोळ्यांत तेल घालून लपवले, तेच त्याची अब्रू सांभाळत होते, आणि तो त्यांच्याकडेच संशयाने बघत होता. मग त्याने मान वर केली.

"लिवा मास्तर. बराबर हाय म्हनून लिवा. आन् नुसतं बायको नगं. नाव लिवा तिचं."

सरांनी ऐरणीवरच प्रूफ ठेवले आणि समासात लिहिले: 'होय, बरोबर आहे. खात्री केली आहे. नाव मेहताब पीरमहंमद.' लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले.

मेहताबने पदराने कपाळ पुसले. तिचे डोळे भरले होते, पण ती काही भोळी नव्हती. "आता माझ्याम्होरं लिवलंत. घरी जाऊन खोडनार न्हाई कशावरून?"

सर काही बोलण्याआधीच तिने पायात चपला घातल्या. आम्ही सगळे पोस्टात गेलो, पुढे ती आणि सर, मागे पीरमहंमद, त्याच्यामागे धार लावायची राहिली म्हणून कुरकुरणारी रंगुबाई. पाकीट डिंकाने बंद होईपर्यंत मेहताब डोळ्याची पापणी न हलवता बघत होती. रजिस्टरची पावती सरांनी खिशात घालायला नेली, तशी तिने हात पुढे केला. पावती तिने घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली.

बहात्तरच्या उन्हाळ्यात निबंध छापून आला. तिसऱ्या पानावर माझा फोटो आणि त्याखालच्या परिच्छेदात ते वाक्य, नावासकट. एक प्रत सरांनी देवळाली प्रवऱ्याला नेऊन दिली. इंग्रजी मजकूर, त्या घरात कुणाला वाचता येणारा नाही. मेहताबने आपले नाव कुठे आहे ते विचारून घेतले. सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसली आणि मग पीरमहंमदला म्हणाली, "पोळी करते. मास्तरांना जेवून जाऊ द्या."

त्यानंतर थोडे दिवस माझी चैन होती. सर प्रत्येक नव्या वर्गाला मला दाखवत, मुले रांगेने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि 'वा' म्हणत. मग नवे नमुने आले, नवे विषय आले. मला डेसिकेटर नावाच्या, हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या भांड्यातून काढून खणात टाकले, खडूच्या तुकड्यांत आणि मोडक्या पट्ट्यांत. पावसाळ्यात माझ्या तोंडावर तांबूस ठिपके आले. गहिनीनाथ होते तोवर ते महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवत. ते निवृत्त झाले. आता ज्यांच्या हाती मी आहे ते मला टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतात. वरचा कागद दाबून धरायला मी पुरतो, पण माझ्या जन्माचे काम ते नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी प्रयोगशाळेत जाईल, कोणी कागदावर काही लिहून दूर कुठे पाठवील. माझ्या दोन मागण्या आहेत. खणात असा एखादा तुकडा सापडला, तर फेकू नका. त्याला पुसा, तेलाचा बोळा फिरवा आणि पालथा करून पाठीवरचा आकडा वाचा. त्या आकड्यामागे कोणाचे तरी हात असतात.

आणि संशय घ्या, जरूर घ्या. मी स्वतः संशयी आहे, तुम्हाला भोळे व्हा असे कोणत्या तोंडाने सांगू? पण संशय मनात घेऊन घरी बसू नका. ज्याच्याबद्दल तो आहे, त्याच्या दारापर्यंत तो चालत घेऊन जा आणि त्याला तोंडावर विचारा. पाणी बायकोने दिलेले चालेल का, हे पीरमहंमदने आपल्या गिऱ्हाइकांना एकदा विचारले असते, तर मेहताबला इतकी वर्षे गिऱ्हाईक निघून जायची वाट बघत बसावे लागले नसते.